कापूस वेचणाऱ्याची गिटार

दि. 3 जुलै 1960, रविवारची दुपार. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथील फ्रीबॉडी पार्क या उघड्या मैदानात उभारलेल्या मंचावर एक काळा माणूस विजेची गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला. समोरचा श्रोतृवर्ग बहुतांशी गोरा, शिकलेला, खाऊनपिऊन सुखी. गाणाऱ्याचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंतचे. वयाच्या तिशीपर्यंत त्याने मिसिसिपीच्या मळ्यात कापूस वेचला होता, ट्रॅक्टर हाकला होता. त्याचे पाळण्यातले नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. जगाने त्याला मडी वॉटर्स, म्हणजे गढूळ पाणी, या नावाने ओळखले. ज्या संगीताला ब्लूज म्हणतात, त्या संगीताचा हा विसाव्या शतकातला सर्वात मोठा कलावंतांपैकी एक.

आमच्या वाचकांपैकी काहीजण विचारतील की, या गिटारवाल्याचे आपल्या चळवळीशी काय नाते? नाते आहे आणि ते जुने आहे. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब 1913 च्या जुलैमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात हे मूल जन्मले. (स्वतः मडी आपले जन्मसाल 1915 सांगत, जुन्या नोंदी मात्र 1913 कडे बोट दाखवतात. ज्यांच्या जन्माची नोंद कोणाला महत्त्वाची वाटत नाही, त्यांच्या वयाचा असाच घोळ असतो. आमच्या आज्या-आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिली, तशातलाच हा प्रकार.) 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागितली. 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा हा माणूस परका नव्हे.

मॅकिन्लीची आई तो लहान असतानाच वारली. आजी डेला ग्रँट हिने त्याला क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आणून वाढवले. पोर सारखे ओढ्याच्या चिखलात खेळायचे म्हणून आजीनेच त्याला मडी म्हणायला सुरुवात केली. हा मळा म्हणजे काय चीज होती हे समजून घेतले पाहिजे. 1865 साली गुलामी कायद्याने गेली, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. मालक बियाणे द्यायचा, खेचर द्यायचा, मळ्यावरच्या दुकानातून पीठ-मीठ उधार द्यायचा. वर्षाअखेरी कापसाचा हिशोब व्हायचा. हिशोब लिहिणारा मालकाचा, तराजू मालकाचा, आणि कुळाला वाचता येत नाही! मग वर्षभर राबूनही कुळाच्या अंगावर कर्ज शिल्लक राहिले तर त्यात नवल कसले? गुलामाला साखळी होती, अर्धेलीने राबणाऱ्याला खतावणी होती. आमच्याकडच्या महारकी वतनाचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला हे अधिक फोड करून सांगायला नको.

वयाच्या सतराव्या वर्षी मडीने घरचा शेवटचा घोडा 15 डॉलरला विकला. निम्मे पैसे आजीच्या हातावर ठेवले आणि अडीच डॉलरला एक जुनी गिटार घेतली. सन हाउस नावाचा एक वडीलधारा गवई त्या भागात वाजवत असे. त्याच्यासमोर आठवड्यांमागून आठवडे बसून या पोराने त्याच्या बोटांकडे डोळे लावले. बाटलीचे नरडे कापून त्याची नळी करंगळीत घालायची आणि तारेवरून घसरवत न्यायची, म्हणजे तार माणसासारखी कण्हते, ही विद्या तो तेथे शिकला. ब्लूजचा साचा तसा साधा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. पण खरी गंमत ओळींच्या मधल्या जागेत असते. गवई थांबतो आणि गिटार बोलते. आपल्या जलशात मुख्य गायकाने टाकलेले पद झीलकरी उचलतात ना, तसेच हे. फरक इतकाच की मळ्यातल्या एकट्या गड्याला झीलकरी परवडत नव्हता, म्हणून त्याने लाकूड आणि तारांनाच झील धरायला लावले.

शनिवारी रात्री मडीच्या झोपडीतच गाण्याबजावण्याचा अड्डा भरे. तळलेले मासे, चोरटी दारू, जुगार, सारे काही चाले. आम्ही हे झाकून ठेवत नाही. महापुरुषांच्या चरित्राला साबण लावून धुण्याची खोड आपल्या समाजात फार आहे. मडी वॉटर्स काही महापुरुष नव्हते, ते कलावंत होते. पुढेही घराबाहेरच्या संबंधांतून त्यांना मुले झाली आणि त्याचा सारा ताप पत्नी जिनेव्हा यांनी सोसला. जिनेव्हा 1973 साली वारल्या, त्यानंतर मडींनी त्यातली काही मुले घरी आणून सांभाळली. हेही चरित्रच आहे. ब्लूजच्या गाण्यांत बाईविषयी जे बोलले जाते ते सगळेच आमच्या गळी उतरत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

1941 च्या ऑगस्टमध्ये मळ्यावर दोन माणसे आली. एक ॲलन लोमॅक्स, गोरे, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे गाणी गोळा करणारे. दुसरे जॉन वर्क, कृष्णवर्णीय, फिस्क विद्यापीठात संगीत शिकवणारे. मडींना प्रथम वाटले, हे दारू पकडणारे सरकारी लोक. मग लोमॅक्स यांना तहान लागली आणि ते मडींच्याच पेल्यातून पाणी प्याले. तेव्हा तर मडींचा संशय अधिकच बळावला! काळ्या माणसाच्या पेल्यातून पाणी पिणारा गोरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ही आठवण ते पुढे वर्षानुवर्षे सांगत. चवदार तळ्याच्या लेकरांनो, या प्रसंगावर आम्ही वेगळे भाष्य काय करावे? महाडचा सत्याग्रह 1927 चा, हा प्रसंग त्यानंतर 14 वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडलेला. पाण्याचा पेला दोन्हीकडे तोच.

त्या दिवशी झोपडीत यंत्र लावून मडींचा आवाज मुद्रित झाला. आपला स्वतःचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला आणि आपण खरोखरच गवई आहोत अशी त्यांची खात्री पटली. पुढे तबकडीच्या दोन प्रती आणि 20 डॉलर टपालाने आले. त्यांनी अंगावर सूट चढवला आणि तबकडी हातात धरून फोटो काढून घेतला.

पण त्या दोन पाहुण्यांपैकी जगाच्या लक्षात कोण राहिले? लोमॅक्स. या अभ्यासाची मूळ कल्पना जॉन वर्क यांची होती. 1940 साली मिसिसिपीतील नॅचेझ गावी एका नृत्यगृहाला आग लागून दोनशेहून अधिक काळी माणसे मेली. त्या दुर्घटनेवर लोकांमध्ये कोणती गाणी तयार होतात हे शोधण्याचा प्रस्ताव वर्क यांनी मांडला, तेथून हे काम सुरू झाले. वर्क यांनी गाण्यांचे स्वरलेखन केले, हस्तलिखित लिहिले. ते हस्तलिखित गहाळ झाले. लोमॅक्स यांनी 1993 साली त्या दिवसांवर मोठे पुस्तक लिहिले, त्यात वर्क यांना जवळजवळ जागाच नाही. वर्क आणि त्यांच्या फिस्कमधील सहकाऱ्यांचे लेखन शोधून ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला 2005 साल उजाडले, तोवर वर्क यांना जाऊन जवळपास 40 वर्षे झाली होती. लोमॅक्स वाईट माणूस होते असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी त्या पेल्यातून पाणी प्यायले, हे खरेच. परंतु पेला वाटून घेणे सोपे असते, श्रेय वाटून घेणे अवघड. आमच्या लोककलांवर पीएच.डी. मिळवून प्राध्यापक झालेले आणि ज्या म्हाताऱ्या शाहिराच्या तोंडून गाणी उतरवून घेतली त्याचे नाव तळटीपेतही न देणारे विद्वान आमच्या वाचकांनी पाहिले नाहीत काय?

1943 च्या मे महिन्यात मडींनी मळा सोडला. कारण ऐकाल तर चकित व्हाल. ट्रॅक्टर चालवण्याबद्दल तासाला साडेबावीस सेंट मिळत. त्यांनी 25 सेंट मागितले. मुकादम भडकला. अडीच सेंट! मडींनी एक सूटकेस आणि गिटार उचलली आणि शिकागोची गाडी पकडली. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसे अशीच दक्षिणेतून उठून उत्तरेच्या शहरांत गेली. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याचे जे वाभाडे काढले आणि आपल्या माणसांना शहराची वाट दाखवली, त्यामागचे दुःख डेल्टातल्या कोणत्याही गड्याला भाषांतराशिवाय समजले असते.

शिकागोत दिवसा कारखान्यात काम आणि ट्रकवर फेऱ्या, रात्री गाणे. शहरात मात्र अडचण निराळीच आली. दारूच्या गुत्त्यात माणसांचा कलकलाट इतका की साधी गिटार कोणाला ऐकूच जाईना. मग मामाने त्यांना विजेवरची गिटार दिली आणि येथेच जगाच्या संगीताला वळण लागले. आवाज वाढवणे ही हौस नव्हती, ती गरज होती. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारचा उघडा बाजार भरे. तेथे गवई शेजारच्या दुकानातून, घराच्या खिडकीतून वायर ओढून रस्त्यावरच गिटार वाजवत, येणारेजाणारे भोवती कोंडाळे करून उभे राहत. चौकात मंडप, बाजूच्या घरातून ओढलेली वायर, खांबाला बांधलेला भोंगा आणि रात्रभर चालणारा सवाल-जवाब! भीमजयंतीला असे कार्यक्रम ऐकत जे वाढले, त्यांना मॅक्सवेल स्ट्रीट दाखवायला शिकागोला नेण्याची गरज नाही.

1948 साली त्यांची तबकडी निघाली आणि पहिल्या प्रती बघता बघता संपल्या. लिटल वॉल्टर यांचा माउथ ऑर्गन, जिमी रॉजर्स यांची दुसरी गिटार, ओटिस स्पॅन यांचा पियानो अशी फळी त्यांच्याभोवती जमली. 1950 मधील त्यांच्या एका गाण्यावरून पुढे लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचे नाव रोलिंग स्टोन्स ठेवले. 1955 साली त्यांनी ‘मॅनिश बॉय’ गायले. वरवर पाहता ते पुरुषी बढाईचे गाणे आहे. परंतु दक्षिणेत साठीच्या काळ्या माणसालाही गोरा पोरगा ‘बॉय’ म्हणूनच हाक मारत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातली आग कळते. मी पोर नाही, मी माणूस आहे, असे हा गवई त्यात एकेक अक्षर सुटे करून बजावतो. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्याच मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून ठार मारले. आमच्या गावांतही आजोबांच्या वयाच्या माणसाला पाटलाचे शेंबडे पोर राम्या, म्हाद्या म्हणून हाक मारीत होते. म्हणून आम्ही या लेखात मळ्यावरच्या त्या गड्याला मुद्दाम अहो-जाहो करीत आहोत.

आता पुन्हा न्यूपोर्टच्या मैदानाकडे वळू. हे शहर अमेरिकन धनदांडग्यांच्या उन्हाळी महालांसाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतील गुलामांच्या व्यापाराचे ते एक प्रमुख बंदर होते, येथून जहाजे आफ्रिकेकडे निघत. तेथेच 1954 पासून जॅझ संगीताचा मोठा उत्सव भरू लागला, त्यामागे लॉरिलार्ड या तंबाखूच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या घराण्याचे पाठबळ होते. 1960 साली रविवारची दुपार ब्लूजसाठी राखून ठेवली होती आणि निवेदनाला होते थोर कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज. परंतु आदल्या रात्री घात झाला. तिकिटे संपली म्हणून बाहेर राहिलेल्या हजारो तरुणांनी धुडगूस घातला, बिअरचे डबे आणि बाटल्या फेकल्या, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, अखेर नॅशनल गार्ड बोलवावे लागले. हे दंगेखोर कोण होते? गोऱ्या, सुखवस्तू घरांतले कॉलेजकुमार! आणि शिक्षा कोणाला झाली? उत्सवालाच. रविवारी सकाळी नगर परिषदेने उरलेले सारे कार्यक्रम रद्द केले. ठरलेला दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, रांगेत उभी राहतात, अभिवादन करतात आणि जाताना शिवाजी पार्कातून पुस्तके विकत घेऊन जातात. तरी काही वर्तमानपत्रांना त्यात कचरा आणि वाहतुकीची कोंडीच दिसत आली. गर्दी कोणाची आहे यावरून ती उत्सव की उपद्रव हे ठरते.

असो. त्या दुपारी मडी वॉटर्स गायले. सोबत स्पॅन, माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन, गिटारवर पॅट हेअर, ढोलांवर फ्रान्सिस क्ले. त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झालेले आहे आणि आम्ही ते पाहिले आहे. सुरुवातीला श्रोते जरा अंग चोरून बसलेले दिसतात, पुस्तकात वाचलेली वस्तू पाहायला आल्यासारखे. मग ‘गॉट माय मोजो वर्किंग’ सुरू होते. मडी एकाएकी जेम्स कॉटन यांना धरतात आणि दोघे मंचावर नाचू लागतात. मैदानाचा बांध फुटतो. तेच गाणे पुन्हा घ्यावे लागते. बंद गुत्त्यात अर्ध्या अंधारात वाजणारे संगीत भर दुपारी उघड्या आभाळाखाली आले आणि त्याने मान खाली घातली नाही, ही त्या दिवसाची खरी घटना. कार्यक्रम संपताना ह्यूज यांनी तेथेच तारेच्या कोऱ्या फॉर्मवर न्यूपोर्टला निरोप देणाऱ्या ओळी लिहून दिल्या आणि त्या स्पॅन यांनी तिथल्या तिथे गाऊन दाखवल्या. गुलामांच्या जहाजांच्या बंदरावर एका काळ्या कवीने लिहिलेला आणि काळ्या गवयाने गायलेला तो निरोप! चेस कंपनीने त्याच वर्षी या कार्यक्रमाची तबकडी काढली. ब्लूजच्या थेट मैफलीच्या पहिल्यावहिल्या तबकड्यांत ती मोडते आणि गोऱ्या तरुणांच्या घराघरांत ती पोहोचली.

गोऱ्या रसिकांची आवड हीसुद्धा एक तऱ्हाच. 1958 च्या ऑक्टोबरमध्ये मडी प्रथम इंग्लंडला गेले तेव्हा तेथल्या जाणकारांना हवा होता साध्या गिटारवर रडणारा शेतमजूर. मडींनी वीज लावून गिटार कडाडवली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पुढे 1963 साली ते समजूतदारपणे साधी गिटार घेऊन गेले, तर तोवर तिकडच्या पोरांना विजेचे वेड लागले होते! शोषिताने कसे रडावे हेही दुसऱ्यांनीच ठरवायचे, हा खाक्या दलित साहित्याच्या वाचकांना नवा नाही.

आणि पैसा? चेस बंधू पोलंडमधून आलेले ज्यू होते. त्यांनी काळ्यांचे संगीत विकायचे धाडस केले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु गाण्यांचे प्रकाशनहक्क ज्या आर्क म्युझिक कंपनीकडे होते, तिच्यात त्यांचीही मालकी होती. गवयांना उचल मिळे, मोटारगाडी मिळे, हिशोब मिळत नसे. मळ्यावरच्या दुकानाची खतावणी येथेही पाठीमागे आलीच! 1976 साली मडी आणि त्यांचे गीतकार विली डिक्सन यांनी आर्क म्युझिकवर दावा लावला, न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर करारनाम्याचा हिशोब मागितला, ही गोष्ट आम्हास त्यांच्या सहा ग्रॅमी पुरस्कारांहून मोठी वाटते.

आमच्या घरात डोकावून पाहिले तर काय दिसते? वामनदादा कर्डक तारुण्यात येईपर्यंत निरक्षर होते. मुंबईत गिरणीत राबता राबता ते अक्षरे शिकले आणि पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. 2004 साली ते गेले. अनेक गाण्यांच्या शेवटी त्यांनी वामन हे नाव गुंफून ठेवले, म्हणून निदान तेवढ्यांची मालकी शाबूत राहिली. ज्यांनी नाव गुंफले नाही, त्यांची गाणी कॅसेटवर गेली, कॅसेटवरून मोबाईलवर आली, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजली, आणि गीतकार कोण हे मिरवणुकीत नाचणाऱ्याला माहीत नाही, वाजवणाऱ्याला माहीत नाही, मंडळाच्या अध्यक्षालाही माहीत नाही. जयंतीच्या खर्चात मंडप, रोषणाई, डीजे यांचे आकडे असतात. गीतकाराच्या वारसांना द्यायच्या रकमेचा रकाना कोणत्या मंडळाच्या वहीत आहे, हे आम्हास कळवावे.

1977 मध्ये जॉनी विंटर या गोऱ्या गिटारवादकाने मडींची नवी तबकडी तयार करवली आणि उतारवयात त्यांना सुगीचे दिवस आले. 1978 च्या ऑगस्टमध्ये ते राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये गायले. 30 एप्रिल 1983 रोजी शिकागोजवळच्या वेस्टमाँट येथील घरी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. शिकागोतले त्यांचे जुने घर बरीच वर्षे मोडकळीला आले होते, 2021 साली शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

स्टोव्हॉल मळ्यावरची ती लाकडी झोपडी आता क्लार्क्सडेलच्या ब्लूज संग्रहालयात आहे. वादळवाऱ्याने ती खिळखिळी झाली होती. तिची एक पडलेली फळी झेडझेड टॉप या बँडचे गिटारवादक बिली गिबन्स यांनी उचलून नेली, तिची गिटार बनवून घेतली आणि ती गावोगाव दाखवून त्या संग्रहालयासाठी पैसा उभा केला. ज्या झोपडीत शनिवारी रात्री मासे तळले जात आणि एका गड्याने पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला, तिच्याच लाकडाची ती गिटार आहे आणि तिच्यावर मिसिसिपी नदी रंगवलेली आहे.